अ‍ॅक्वापोनिक्समधल्या मासोळीचं दवापाणी : औषध कुठे टाकायचं आणि कुठे नाही

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारी-महालात मारबतीचा पुतळा मिरवणुकीने निघतो आणि "रोगराई घेऊन जा गे मारबत" असा गलका होतो. काही वर्षांपूर्वी त्याच संध्याकाळी जवळच्या बेस्याला, घरामागच्या टाक्यातली रोगराई घालवायला मी दोन-तीन चमचे पोटॅशियम परमँगनेट टाकलं. दोन पंगस माशांच्या पोटावर लाल चट्टे दिसले होते. खाद्य विकणाऱ्या एका दुकानदाराने सांगितलं होतं, "लाल औषध टाका भाऊ, दोन दिवसांत साफ." पाणी जांभळं झालं, मग तपकिरी. चट्टे होते तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी अमोनिया मोजायच्या किटमधला पिवळा रंग गडद हिरवा झाला, म्हणजे पाण्यात अमोनिया चढला होता. पाचव्या दिवशी एकवीस मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या आणि वाफ्यातली मेथी पिवळी पडली होती. रोगाचे जंतू मेले की नाही कोण जाणे, पण गिट्टीवर बसलेले कामाचे जिवाणू मात्र मेले होते.

शेततळ्यात किंवा दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत खपून जाणारे उपाय अ‍ॅक्वापोनिक्समध्ये, म्हणजे टाक्यातली मासोळी आणि गिट्टीच्या वाफ्यातली भाजी एकाच फिरत्या पाण्यावर वाढवताना, खपत नाहीत. पाणी एकच असतं. ते माशाच्या कल्ल्यांतून, गिट्टीवरच्या जिवाणूंवरून आणि पालकाच्या मुळांतून फिरतं, आणि तो पालक आपल्या ताटात येतो. म्हणून फॉर्मेलिन, मोरचूद, मिथिलीन ब्लू, परमँगनेट, प्रतिजैविकं यांतलं काहीही मुख्य टाक्यात जात नाही. मॅलॅकाइट ग्रीन तर खाण्याच्या माशासाठी कुठेच वापरायचं नाही, त्यावर बंदीच आहे. मग उपचार करायचे कुठे? खाली आहे ते सगळं त्याबद्दलच.

आधी पाण्याचा हिशोब

साधारण ३२ टक्के प्रथिनांचं एक किलो खाद्य टाकलं, की त्यातून जवळजवळ ३० ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट भाजीला लागतं. ही साखळी नव्या टाक्यात बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. ती बसण्याआधी मासे भरले तर पुढचे आजार आपणच आणलेले असतात.

किटवर दिसणारा आकडा एकूण अमोनियाचा असतो. त्यातला विषारी भाग किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पीएच ७ आणि पाणी २५ अंशांवर असेल तर शंभरातला अर्धा भागच विषारी असतो. पीएच ८ आणि पाणी ३० अंशांवर गेलं की तोच भाग साडेसातच्या आसपास जातो. म्हणजे किटवर रंग तोच आणि विष बारा-तेरा पट. नागपुरात हे पाठ करून ठेवायला हवं, कारण आपल्याकडे बोरिंगचं पाणी जड असतं, पीएच सहज ७.८ ते ८.२ दाखवतं आणि उन्हाळा तर सांगायलाच नको.

नळाच्या पाण्याची तऱ्हा वेगळी. ते पेंचचं, तुलनेने हलकं, पण त्यात क्लोरीन असतं. एका ड्रममध्ये एअर पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड सोडून २४ ते ४८ तास ठेवल्याशिवाय ते टाक्यात घालू नका. घाईच असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं, क्लोरीन मारणारं हायपो वापरा. शिवाय हलक्या पाण्यात काही महिन्यांनी उलटी अडचण येते. जिवाणू काम करता करता पाण्यातली क्षारता खातात, पीएच ६.५ च्या खाली उतरतो, जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया चढतो. अशा वेळी चिमूटभर चुन्याची निवळी आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, एकेक दिवस सोडून घालायचं. एकदम नाही. दिवसात पीएच ०.३ पेक्षा जास्त हलला तर मासा तो झटका सहन करेलच असं नाही.

आठवड्यातून दोनदा मोजायचे आकडे असे : पीएच ६.८ ते ७.२ (बोरिंगवाल्यांनी ७.५ पर्यंत समाधान मानावं), एकूण अमोनिया १ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत, नायट्राइटही १ च्या आत, नायट्रेट १५० पर्यंत चालतं, विरघळलेला ऑक्सिजन ५ च्या वर. कागदी पट्ट्यांवर माझा भरवसा नाही, थेंबांचं किट घ्या.

मासोळी आणण्याआधी काय जमवायचं

२०० लिटरचा निळा ड्रम, तो नव्या पाहुण्यांसाठी. १०० लिटरचा प्लास्टिक टब, तो आजाऱ्यांसाठी. दोन्हींची जाळी, बादली, हवेचा दगड वेगळा, आणि त्यांचं पाणी कधीही वाफ्यांकडे फिरवायचं नाही. दोन एअर पंप, त्यातला एक बॅटरीवर चालणारा. खडे मीठ पाच किलो, आयोडीनचं नको. थर्मामीटर, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा, दहापट दाखवणारं भिंग, चिमटा, रबरी हातमोजे. आणि एक वही.

जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आणि तांब्याची कॉइल पाण्याच्या वाटेत नकोत, दोन्ही धातू माशाला विषारी. गिट्टी टाकण्याआधी मूठभर गिट्टीवर लिंबू पिळा. फेस आला तर ती चुनखडीची आहे, पीएच वर ओढत राहील. आपली काळी गिट्टी बहुतेक वेळा गप्प बसते.

कोणती मासोळी, किती

पंगस हवेतूनही श्वास घेतो, म्हणून लाइट गेल्यावर तो जास्त तग धरतो, पण थंडी त्याला सोसत नाही. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की तोंड फिरवतो. तिलापिया कणखर, मात्र पाणी १० ते १२ अंशांपर्यंत उतरलं की मरतो. गिफ्ट तिलापियासाठी (ही तिलापियाची सुधारित जात) मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घेऊन मान्यताप्राप्त केंद्रातूनच बीज, म्हणजे पिल्लं, घ्या. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि कोई कार्प नागपूरची थंडी आणि ऊन दोन्ही काढतात, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत. थाई मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तर हात जोडा, तो पाळायला देशात बंदी आहे.

पहिल्या वर्षी हजार लिटरला १० ते १५ किलोपेक्षा जास्त वजन नको, आणि ते वजन मासे मोठे झाल्यावरचं धरायचं. बोटुकली छोटी दिसतात म्हणून शंभराच्या जागी तीनशे सोडण्याचा मोह होतो. मला झाला होता.

बीज आलं : पहिले २१ दिवस

बंगालहून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेलं बीज ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत दहा-बारा तास राहिलेलं असतं. पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पीएच उतरलेला असतो आणि साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून :

१. बंद पिशवी १५ ते २० मिनिटं ड्रममध्ये तरंगू द्या, तापमान सारखं होऊ द्या. उन्हात नाही.

२. उघडल्यावर रेंगाळू नका. ड्रमचं पाणी दोन-तीन वेळा थोडं थोडं पिशवीत घाला, सगळं मिळून दहा मिनिटं.

३. मासे जाळीने उचलून ड्रममध्ये सोडा. पिशवीतलं पाणी गटारात.

४. पहिल्या दिवशी खाद्य नाही.

दुसऱ्या दिवशी मिठाची अंघोळ. लिटरला १० ग्रॅम खडे मीठ, म्हणजे २० लिटरच्या बादलीत २०० ग्रॅम, हवा चालू ठेवून. दहा मिनिटं धरा, पण घड्याळापेक्षा माशाकडे बघा. कूस बदलून आडवा झाला की लगेच साध्या पाण्यात. पंगसला खवले नसतात, त्याला ५ ग्रॅमपासून सुरुवात. मिठाने कल्ल्यांवरचे आणि कातडीवरचे बारीक परोपजीवी गळतात, आतले जिवाणू गळत नाहीत. तेवढ्यासाठीच उरलेले वीस दिवस थांबायचं असतं. ड्रममध्ये गिट्टीवाला जुना वाफा नसतो, म्हणून रोज तिसरा हिस्सा पाणी बदला आणि अमोनिया रोज मोजा. मुख्य वाफ्यातली मूठभर गिट्टी जाळीच्या पिशवीत बांधून ड्रममध्ये टाकली तर काम सोपं होतं. ती गिट्टी परत मात्र न्यायची नाही.

फुटाळ्याहून किंवा कुठल्याही तलावातून जलकुंभी, शेवाळ, शंख आणू नका. अर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ, त्यावर स्वार होऊन येते.

सकाळचे दहा मिनिटं

पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून बघायचं ते सकाळी सहाला. आमच्याकडे काम करणारा पोरगा शिकलेला नाही, पण मासोळी त्याला माझ्याआधी कळते. एकदा चहा घेता घेता तो म्हणाला,

"भाऊ, डाव्या टाक्यातल्या मासोळ्या आज धावून नाही राहिल्या."

"खाऊन राहिल्या ना?"

"खाऊन राहिल्या. पण धावून नाही राहिल्या."

किट काढलं तर नायट्राइट ३ होतं. वाफ्यातलं पाणी उतरवणारा पाठीमागचा सायफन तुंबून वाफा दोन दिवस भरलेलाच राहिला होता, मुळांना आणि जिवाणूंना हवाच मिळत नव्हती. मासे अजून खात होते, मी एकटा असतो तर आणखी दोन दिवस काढले असते.

बघायचं ते असं. खाद्य पडल्यावर झेप घेतात का. सगळे पाणी पडतं तिथे गर्दी करून तोंड वर करतात का (पंगस अधूनमधून वर येऊन घोट घेतो, ते नेहमीचंच. सगळे एकदम आणि सतत आले तर गडबड). कोणी पाइपवर, भिंतीवर अंग घासतो का. कोणी कोपऱ्यात काळवंडून पडलाय का. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लांब लोंबते का. पर मिटलेले आहेत का. वहीत तारीख, तापमान, किती खाद्य, किती मेले, एवढंच लिहा. चौथा रकाना कोणी भरत नाही, मीही नाही.

खाद्य मोठ्या माशाला वजनाच्या १ ते २ टक्के, बोटुकल्यांना ३ ते ५ टक्के. पंधरा-वीस मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं जाळीने काढा आणि पुढच्या वेळी कमी टाका. पालेभाजीच्या वाफ्याच्या हिशोबाने बघितलं तर दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य, त्यावर गेलात तर भाजी पुरी पडत नाही. पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवलं की बुरशी धरते. बुरशीचं विष माशाच्या यकृतावर जातं आणि बाहेरून महिनाभर काही दिसत नाही. दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा नको, हवाबंद डब्यात ठेवा, कुबट वास आला तर फेका.

नागपूरचं वर्ष

उन्हाळा इथे वेगळं प्रकरण आहे. बाहेर ४५ असताना सावलीतल्या टाक्यात पाणी ३३ ते ३५ होतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला जेमतेम ७. तिकडे माशाची आणि जिवाणूंची भूक मात्र वाढलेली. एप्रिल लागला की ७५ टक्क्यांची हिरवी जाळी, टाक्याभोवती ओली बारदानं, खाद्य पहाटे आणि सूर्य मावळल्यावर, दुपारी अजिबात नाही. पाणी ३४ च्या वर गेलं तर खाद्य निम्मं. नवतपात मी दिवसाआड उपास घालतो आणि अजून एकही मासा त्यामुळे मेला नाही.

छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजेल असं असतं. उडालेलं पाणी भरून काढायला दुपारी तो नळ सोडला, की टाक्यातल्या एका कोपऱ्यात मासे शिजतात. पाणी रात्रीच भरायचं. आणि उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून बोरिंगवाल्यांनी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी थोडं पाणी काढून झाडांना द्यावं.

एक जुगाड सांगतो. प्लास्टिक बॉडीच्या जुन्या कूलरच्या पॅडवरून टाक्याचं पाणी फिरवायचं, पंखा चालू. आपली हवा मे महिन्यात एवढी कोरडी असते की पाणी झपाट्याने थंड होतं, माझ्याकडे ३५ वरून ३१ पर्यंत आलं, आणि हवा मिसळते ते वेगळंच. पत्र्याचा कूलर मात्र नको, तेच जस्ताचं कारण. जूनमध्ये पाऊस लागला की हा जुगाड कामाचा राहत नाही.

लाइट जाते तेव्हाचं गणित कडक आहे. दाट भरलेल्या टाक्यात उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात मासे वर येतात. बॅटरीचा एअर पंप आपोआप सुरू होणारा हवा, कारण लाइट तुम्ही वर्धेला लग्नाला गेल्यावरच जाते.

पावसाळ्यात दुसरा शत्रू बाहेरून येतो. डासांसाठी गल्लीत धुराची गाडी फिरते, त्या धुरात बहुधा पायरेथ्रॉइड असतं, आणि मासा त्याला अत्यंत नाजूक. तुमचा एअर पंप तीच हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पंप घरात ठेवा आणि फक्त नळी बाहेर न्या. गाडीचा आवाज आला की टाक्यावर ताडपत्री टाकून खिडक्या लावा. हेच भाजीवरच्या फवारणीला लागू. मावा आला म्हणून वाफ्यावर कीटकनाशक मारलं की ते थेंब मासोळीपर्यंत जातात. निंबोळी तेलसुद्धा निरुपद्रवी नाही. मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, फार झाला तर ते रोप उपटा. सांभाराची (कोथिंबिरीची) एक जुडी गेलेली परवडते.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो. टाक्याला थर्माकोल, वरून रात्री प्लास्टिक. पाणी १८ च्या खाली उतरलं की खाद्य बंद, कारण मासा पचवत नाही आणि जिवाणूही अर्धे झोपलेले असतात. याच दिवसांत जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी बसते, म्हणून थंडीत मासे पकडणं, मोजणं, हलवणं टाळा. जाळीने खरचटलं तिथेच ती धरते.

मासा आजारी दिसला : या क्रमानेच

पहिला तास औषधाचा नाही.

खाद्य थांबवा. हवा दुप्पट करा. मग पीएच, अमोनिया, नायट्राइट, तापमान मोजा आणि लिहा. आकडे बिघडलेले असतील तर तयार ठेवलेल्या, क्लोरीन उडालेल्या पाण्याने तिसरा हिस्सा बदला, तापमानात २ अंशांपेक्षा जास्त फरक नको. माझ्या वहीतली बहुतेक दुखणी इथेच थांबली आहेत.

आकडे ठीक असतील तर सगळ्यात आजारी दिसणारा मासा ओल्या हाताने उचला आणि कल्ल्याचं झाकण अंगठ्याने उघडा. निरोगी कल्ला रक्तासारखा लाल असतो. चॉकलेटी रंग आला असेल तर नायट्राइट रक्तात शिरलंय, मासा पाण्यात ऑक्सिजन असूनही गुदमरतोय. फिकट गुलाबी असेल तर रक्त कमी. राखाडी-पिवळट कुजलेले ठिपके असतील तर कॉलम्नॅरिससारखा जिवाणू. नुसता चिकट द्रव फार असेल तर कल्ल्यावरचे किडे किंवा अमोनियाची भाजणी. मेलेल्या माशाचा कल्ला थोड्याच वेळात पांढरा पडतो, त्यावरून काही ठरवू नका.

नायट्राइटसाठी मात्र मुख्य टाक्यात एक गोष्ट टाकता येते, आणि ती एकच : मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यापाशी नायट्राइटची वाट अडवतं. हजार लिटरला १६५ ग्रॅम मिठाने लिटरला साधारण १०० मिलिग्रॅम क्लोराइड होतं, तेवढं पुरतं आणि बहुतेक भाज्या ते सोसतात. घेवडा आणि स्ट्रॉबेरी कुरकुरतात. मीठ आपोआप निघून जात नाही, म्हणून दर खेपेला तेवढंच पुन्हा टाकत बसू नका.

ओळखीचे आजार

पांढरे ठिपके, जणू अंगावर रवा सांडलाय, आणि मासे अंग घासतात : हा इक. थंडीच्या सुरुवातीला आणि शेवटी येतो, कडक उन्हाळ्यात क्वचित. याचा किडा माशाच्या कातडीखाली असताना त्याला काही होत नाही. तो गळून तळाशी जातो, फुटतो, शेकडो पिल्लं पोहत नवा मासा शोधतात, आणि तेव्हाच ती मारता येतात. दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती पिल्लं आपोआप मरतात. अ‍ॅक्वापोनिक्सला ही गोष्ट सोयीची आहे. सगळे मासे बाहेर काढा, एकही नको, आणि टब-ड्रममध्ये लिटरला ३ ग्रॅम मिठात ८ ते १० दिवस ठेवा, रोज निम्मं पाणी बदला, मीठ मोजून भरा. मुख्य टाकं तेवढे दिवस माशांविना चालू द्या, थंडी असेल तर दोन-तीन आठवडे, कारण थंड पाण्यात किड्याचं चक्र लांबतं. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाक्यात कुजू द्या, म्हणजे जिवाणू उपाशी मरत नाहीत.

माशाची ऊ आणि नांगरकिडा डोळ्यांनी दिसतात. ऊ चपटी, हिरवट, सरकते. नांगरकिडा दोऱ्यासारखा लोंबतो आणि त्याच्या मुळाशी लाल फोड असतो. ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्याने मुळापासून काढा, मग टबमध्ये मिठाची अंघोळ. अंडी टाक्यात राहतात, म्हणून दर आठवड्याला महिनाभर तपासणी.

लाल चट्टे, उघडे व्रण, फुगलेलं पोट आणि अननसासारखे उभे राहिलेले खवले बहुतेक वेळा एरोमोनास हा जिवाणू दाखवतात. उन्हाळ्यात तिलापिया गोल गोल फिरू लागला, एक डोळा बाहेर आला, तर स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संशय घ्या. दोन्हींवर मिठाचा उपयोग नाही. आजारी मासे टबमध्ये काढा, मुख्य टाक्यातली गर्दी आणि खाद्य कमी करा, पाणी थंड करा, आणि प्रयोगशाळा गाठा. खवले उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो, त्याला त्रास देत ठेवण्यात अर्थ नाही. लवंगेचं तेल लिटरला अर्धा मिली, थोड्या कोमट पाण्यात बाटलीत घुसळून बादलीत घाला, मासा त्यात ठेवा आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही दहा मिनिटं तसाच राहू द्या. तो खायचा नाही.

प्रतिजैविक स्वतःच्या मनाने नाही. कोंबड्यांचं उरलेलं पाकीट तर नाहीच. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान खाण्याच्या माशांसाठी बंदीच्या यादीत आहेत. तज्ज्ञाने जंतू ओळखून, कोणतं औषध त्यावर चालतं ते बघून लिहून दिलं, तर ते औषधी खाद्य फक्त टबमधल्या माशाला द्यायचं. सांगितलेले दिवस पूर्ण करायचे आणि शेवटच्या मात्रेनंतर विक्रीसाठी सांगितलेले दिवस थांबायचं. टबचं पाणी भाजीला नाही.

डॉक्टर कुठे

गाय-बकरीचे डॉक्टर हातात मासा घेऊन बघतीलच असं नाही. नागपूरकरांचं नशीब यात बरं आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे, त्याचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला, फुटाळ्याच्या बाजूला, आणि पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्सला. आधी फोन करून विचारा आणि मग निघा. भारत सरकारने २०२३ साली आणलेलं 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचं अ‍ॅपही आहे, त्यावर फोटो आणि माहिती टाकून मत्स्यतज्ज्ञांपर्यंत पोचता येतं.

नमुना नेताना लोक हमखास चुकतात. मेलेला मासा पिशवीत बांधून दुपारी दोनला घेऊन गेलात, तर त्यात रोग नाही, फक्त कुजणं दिसतं. लक्षणं असलेले तीन-चार जिवंत मासे आणि एक बरा दिसणारा, ऑक्सिजनच्या पिशवीत, सकाळी. टाक्याचं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत, वर हवा न ठेवता काठोकाठ. जिवंत नसेलच, तर नुकताच मेलेला मासा प्लास्टिकमध्ये गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात बर्फावर, फ्रीझरमध्ये गोठवून नाही. सोबत खाद्याची मूठ आणि वही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नुसता मासा नेला होता. समोरच्या मॅडमनी विचारलं, "पीएच किती, अमोनिया किती, शेवटचे नवे मासे कधी सोडले?" तिन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती, आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाला हात लावण्याआधी मला घरी पाठवलं. राग आला होता तेव्हा.

मेलेल्या माशांचं आणि आपल्या हातांचं

मेलेला मासा दिसला की तासाभरात बाहेर. टाक्यात राहिला तर बाकीचे त्याला टोचतात आणि आजार पोटात घेतात. बोरिंगपासून दूर, दोन-अडीच फूट खड्ड्यात, वरून चुना, वरून माती. कुत्र्या-मांजरांना नाही, नाल्यात नाही. आजारी टाक्याची जाळी दुसऱ्या टाक्यात घालण्याआधी उन्हात खडखडीत वाळवा. हे काम तरी आपलं ऊन फुकट करतं.

हातावर जखम असेल तर मोजे घालूनच पाण्यात हात घाला. माशांचे काही जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतात, आणि बोटावरची गाठ महिनोन्महिने बरी होत नाही. डॉक्टरांकडे गेलात तर आपण मासे पाळतो हे आपणहून सांगा, ते विचारणार नाहीत. भाजी काढताना पान पाण्याला लागू देऊ नका, आणि कच्ची खायची असेल तर धुऊनच.

मारबतीच्या त्या पाण्यानंतर माझं टाकं पुन्हा बसायला पाच आठवडे लागले. त्यात पहिले तीन आठवडे मी फक्त बारा सायप्रिनस ठेवले, दिवसाला १५ ग्रॅम खाद्य, रोज अमोनियाची नोंद. लाल औषधाची उरलेली पुडी अजून फडताळात आहे. घरच्यांनी परवा ती आंब्याच्या कलमाची कात्री धुवायला वापरली.